निळूभाऊंचा पाटील आणि आपला मारुती कांबळे

मागच्या हिवाळ्यात आमच्या अभ्यासमंडळाने भिवंडीत 'सामना' दाखवला. एका शाळेचा वर्ग, भिंतीला लावलेली चादर, चाळीसएक माणसे. त्यांत विद्यार्थी होते, दोन-तीन शिक्षक होते आणि दिवसपाळी संपवून आलेले, अंगावरच्या कपड्यांना कापसाचा बारीक भुसा चिकटलेला असे सात-आठ यंत्रमाग कामगार होते. चित्रपटानंतर चर्चा झाली. अशा वेळी होते तशीच झाली. सहकारातली सत्ता, गांधीवादाचा पराभव, डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांच्या अभिनयाची जुगलबंदी. मीही बोललो. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मारुती कांबळेचं काय झालं, हे सगळेच विचारतात. मारुती कांबळे कोण होता, हे कुणीच का विचारत नाही?"

शिक्षकाच्या खिशात नेहमी एक उत्तर तयार असते. तसले एक उत्तर मी तिला दिले. कलाकृतीत प्रत्येक गोष्ट उघड सांगायची नसते, सूचकतेलाही महत्त्व असते, वगैरे. मुलगी खाली बसली. घरी जाताना माझ्या लक्षात आले की मी तिला गप्प केले होते, उत्तर दिलेच नव्हते. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे. ते देताना मला निळू फुले या नटाच्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीकडे पुन्हा पाहावे लागले, आणि स्वतःच्या घराकडेही.

निळू फुले यांना आपली समीक्षा 'अष्टपैलू' म्हणते. हा शब्द इतका वापरला गेला आहे की त्याला आता काही धार उरलेली नाही. १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'मधून झेलेअण्णा म्हणून ते पडद्यावर आले. त्याआधी राष्ट्र सेवादलाच्या कलापथकात आणि 'कथा अकलेच्या कांद्याची'सारख्या वगनाट्यात लोकांनी त्यांना पाहिले होते. पुढे 'पिंजरा', 'सामना', 'जैत रे जैत', 'सिंहासन'; रंगभूमीवर 'सखाराम बाइंडर' आणि 'सूर्यास्त'; हिंदीत 'कुली', 'सारांश'. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तोवर मराठी प्रेक्षकांच्या तीन पिढ्यांनी त्यांना पाहिले होते. संगीत नाटक अकादमीचा सन्मानही त्यांना मिळाला. पण ही यादी म्हणजे समीक्षा नव्हे. नट किती प्रकारच्या भूमिका करू शकला, एवढेच विचारून आपले भागत नाही. त्या भूमिकांतून कोणते सत्य पडद्यावर आले आणि कोणते सत्य पडद्यामागेच राहिले, हा आपला प्रश्न आहे.

प्रथम जे आले त्याविषयी.

मी निळूभाऊंना पहिल्यांदा पाहिले ते जत्रेतल्या तंबूच्या सिनेमात, आमच्या मराठवाड्यातल्या गावाशेजारी. सुट्टीत आजोळी गेलो होतो. ते पडद्यावर आले की बायका बोटे मोडायच्या, शिव्या घालायच्या. एका म्हातारीने तर मातीचे ढेकूळ उचलले होते. माझा बा मात्र कधी शिवी देत नसे. तो १९७२च्या दुष्काळानंतर गाव सोडून भिवंडीत आला आणि आयुष्यभर मागावर उभा राहिला. बारा तासांची पाळी, कानात सतत खडखडाट. त्यामुळे घरी तो कमी बोलायचा आणि बोलला तर मोठ्याने बोलायचा. पण निळू फुल्यांचा सिनेमा लागला की तो पाळी बदलून घ्यायचा आणि पडद्याकडे टक लावून बसायचा. एकदा मी त्याला विचारले, "तुला हा माणूस एवढा का आवडतो?" तो म्हणाला, "आवडायचं काय त्याच्यात? ह्यो गडी पाटलाला वळखतो."

या वाक्यात मला निळू फुल्यांच्या अभिनयाची सगळ्यात नेमकी समीक्षा सापडते. त्यांच्या आधी मराठी-हिंदी पडद्यावरचा खलनायक बहुधा ओरडत असे, डोळे वटारत असे, हसताना गडगडत असे. निळूभाऊंच्या पाटलाला ओरडावे लागत नाही. आवाज खाली, घोगरा, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, शब्द सावकाश. ज्याचे ऐकले जाणार आहे हे ठरलेलेच आहे, त्याने आवाज का चढवावा? ही सत्तेची खरी देहबोली आहे. ती वाड्यात बसून शिकता येत नाही. वाड्यासमोर खाली मान घालून उभे राहिलेल्यालाच ती दिसते. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून काम करीत होते. हाताखालचा माणूस साहेबाचा चेहरा जितका बारकाईने वाचतो तितका साहेबाची बायकोही वाचत नसेल. त्याची भाकरी त्या चेहऱ्यावर अवलंबून असते. मालक कसा बसतो, कसा थांबतो, समोरच्याला किती वेळ ताटकळत ठेवतो, हे ज्याने खालून पाहिले आहे त्याच्या अंगातून हा पाटील उभा राहिला, असे मला वाटते. म्हणून मी त्याला भूमिका म्हणण्यापेक्षा साक्ष म्हणेन.

आता जे आले नाही त्याविषयी.

ज्या ग्रामीण चित्रपटांनी हा पाटील घरोघरी नेला, त्या चित्रपटांतले गाव नीट पाहा. वाडा आहे, चावडी आहे, तमाशाचा फड आहे, नव्याने आलेली शिक्षिका आहे, कर्जात बुडालेला शेतकरी आहे. गावकुसाबाहेरची वस्ती कुठे आहे? पाणवठा आहे, पण त्या पाण्यावर कोणाला चढू देत नाहीत हे बहुधा दाखवलेले नाही. पाटील वाईट आहे, कारण तो बाईलवेडा आहे, लोभी आहे, खुनशी आहे. म्हणजे त्याचा दोष त्याच्या स्वभावात आहे. तो उद्या सुधारला किंवा तुरुंगात गेला की गाव पुन्हा गोकुळ होईल! जातिव्यवस्थेने त्याला जो अधिकार दिला, तो अधिकार चित्रपटाच्या कथानकात येतच नाही. बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे सांगितले त्याच्या नेमके उलटे हे चित्र आहे. खेडे चांगले, त्यातला एक माणूस वाईट, अशी ही मांडणी आहे.

तमाशाचेही तसेच. पवळा हिवरगावकर, विठाबाई नारायणगावकर यांची परंपरा कोणत्या समाजांतून आली हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. सेवादलाच्या कलापथकाने जे लोकनाट्य उचलले, त्याच्या पायाशी महार-मांग कलावंतांचे घुंगरू आहेत. अण्णाभाऊ साठे यांनी त्याच तमाशाला कामगारांच्या लढ्याचे हत्यार केले. पण पडद्यावरची तमासगीर बाई जात नसलेली असते. १९७२च्या 'पिंजरा'त शोकांतिका कोणाची? मास्तरांची. बाईच्या वाट्याला मोह पाडण्याचे काम येते. तिच्या समाजाला त्या फडापर्यंत कोणी आणून सोडले, हा प्रश्न त्या कथेला पडत नाही.

१९७२ हेच वर्ष पाहा. दुष्काळाचे वर्ष, दलित पँथरच्या जन्माचे वर्ष, बाबा आढावांच्या 'एक गाव एक पाणवठा' मोहिमेचे वर्ष. त्याच वर्षी विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' कमलाकर सारंग यांनी रंगमंचावर आणले आणि निळू फुले सखाराम झाले. त्या नाटकावर बंदी आली, न्यायालयात लढा झाला, संस्कृतिरक्षकांनी आकाशपाताळ एक केले. निळूभाऊंनी त्या भूमिकेत जे केले ते थोर होते यात शंका नाही. सखाराम ब्राह्मणाच्या घरात जन्मलेला आणि ब्राह्मण्य फेकून दिलेला माणूस. माळ्याच्या घरच्या नटाने तो उभा केला, ही गोष्टही छोटी नव्हे. परंतु या सगळ्या गदारोळात एका गोष्टीवर कोणी बोट ठेवले नाही. सखारामच्या निर्लज्जपणाची चर्चा येते तिथे, ब्राह्मणाच्या घरात ही महाराची लक्षणे कुठून आली, अशा अर्थाचा उल्लेख येतो. प्रेक्षक हसतात. पात्राची भाषा म्हणून तो उल्लेख योग्यच आहे, हे मला कळते. ती आई तशीच बोलेल. माझा आक्षेप त्या ओळीवर नाही. माझा आक्षेप असा की संस्कृतिरक्षकांना लैंगिकता खुपली, पुरोगाम्यांना बंदी खुपली, पण आमच्या समाजाचे नाव तिथे बेशरमपणाचा प्रतिशब्द झाले आहे हे दोघांनाही खुपले नाही. अष्टपैलू नटाच्या वाट्याला अष्टपैलू समाजाचे सगळे पूर्वग्रहही येतात. त्याच्या जिभेवरून ते आपल्यापर्यंत पोहोचतात.

या पार्श्वभूमीवर 'सामना' पाहावा लागतो. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, तेंडुलकरांचे लेखन, रामदास फुटाणे यांची निर्मिती. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा, म्हणजे नव्या सहकारी सत्तेचा धनी. जुना पाटील आणि नवा चेअरमन एकाच धोतरात! रस्त्यावर सापडलेल्या दारुड्या मास्तराला तो घरी आणतो, खाऊ-पिऊ घालतो. आणि हा मास्तर त्याला मारुती कांबळेविषयी विचारू लागतो. लष्करातून गावी परत आलेला, गावातल्या सत्तेपुढे न वाकणारा मारुती कांबळे. मराठी पडद्यावर पाटलाच्या गुन्ह्याला इथे पहिल्यांदा आमच्याकडचे आडनाव मिळाले. त्याच सुमारास, १९७४ साली, अकोला जिल्ह्यात गवई बंधूंचे डोळे काढले गेले होते. म्हणजे मारुती कांबळे हे नाव हवेतून आलेले नाही. तरीही चित्रपटाच्या केंद्रस्थानी सत्ता आणि विवेक आहेत, जात नाही. बोलणारे दोघे, मास्तर आणि हिंदुराव. एक विचारणारा, एक टाळणारा. ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे तो मारुती आठवणींतून येतो आणि आठवणींतच जातो. आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न इथेच लागू पडतो. मेल्यावर प्रश्न होण्यापूर्वी हा माणूस कोण होता? त्याचे घर कुठे होते? त्याच्यासाठी रडणारे कोण होते? आमच्या माणसाचा खून झाला तरच तो कथेत येतो, आणि आला तरी दुसऱ्याच्या विवेकाची परीक्षा घेण्यापुरता येतो. हे 'सामना'चे मोठेपण नाकारण्यासाठी मी म्हणत नाही. त्या मोठेपणाची हद्द दाखवण्यासाठी म्हणतो.

पण इथे मला थांबावे लागते, कारण माझ्या बापाने हाच चित्रपट वेगळ्या रीतीने पाहिला.

आमच्या चाळीत एकाच घरी दूरदर्शन संच होता. तिथे दाटीवाटीने बसून आम्ही 'सामना' पाहिला. मी तेव्हा दहावीत होतो. चित्रपट संपल्यावर बा उठला नाही. घरी आल्यावर जेवला नाही. माय म्हणाली, "काय झालं?" तो म्हणाला, "आसाच बसायचा त्यो. आसाच पान लावीत बसायचा, आन मला म्हणायचा, तुझा भाऊ पाय घसरून पडला."

माझा एक थोरला चुलता होता, हे मला त्या रात्री कळले. मुंबईला गोदीत काम करून तो गावी परतला होता. पांढरे कपडे घालायचा, येसकरकीचे काम करणार नाही म्हणायचा, गायरानातल्या तुकड्यासाठी अर्ज लिहायचा. एके दिवशी विहिरीत सापडला. कागदावर 'पाय घसरून मृत्यू' असे लिहिले गेले. बा तेव्हा विशीत होता. तो रोज त्या ओट्यासमोरून जायचा आणि ओट्यावर बसलेल्याला रामराम करायचा. मग दुष्काळ आला आणि त्याला गाव सोडायला कारण मिळाले. आम्ही समजत होतो की दुष्काळाने आम्हांला भिवंडीत आणले.

म्हणजे इतकी वर्षे बा निळू फुल्यांकडे टक लावून काय पाहत होता, ते मला त्या दिवशी समजले. खून करून शांत बसलेला माणूस जवळून कसा दिसतो, ते तो पुन्हा पुन्हा तपासून पाहत होता. ओट्यासमोर त्याला मान वर करता आली नव्हती. तंबूत, टॉकीजमध्ये, अंधारात त्याला ती वर करता आली. हिंदुराव हा माहीत असलेला माणूस आहे. मारुतीचे काय झाले ते गावात सर्वांत चांगले त्यालाच ठाऊक आहे. निळूभाऊंनी नुसता दुष्टपणा केला असता तर बाने इतर बायकांसारखी एक शिवी घालून तो विषय संपवला असता. त्यांनी ते 'माहीत असणे' चेहऱ्यावर आणले. पाहुणचार करता करता, हसता हसता ते डोळ्यांच्या कोपऱ्यात राहते. ज्या घरात असा एक मृत्यू झाला आहे, त्या घरच्या माणसाला तो कोपरा लगेच ओळखू येतो. पटकथेने जे सांगितले नाही ते नटाने सांगितले, असे मला म्हणावे लागते. मारुती कांबळे कोण होता, हे चित्रपटाने आम्हांला विचारले नाही. पण माझ्या बापाने त्या रात्री उत्तर दिले.

मग निळूभाऊ कोणाच्या बाजूचे? हा प्रश्न भाबडा आहे, तरी कार्यकर्ते तो विचारतात म्हणून लिहितो. पडद्यावर ज्याला लोकांनी शिव्या दिल्या तो माणूस पडद्याबाहेर आयुष्यभर समाजवादी चळवळीत राहिला. नोकरीतल्या तुटपुंज्या पगारातला वाटा तो सेवादलाला देत असे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाशी तो जोडलेला होता. ऐंशीच्या दशकात सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंसह नामवंत कलावंतांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले, त्यांत निळूभाऊ होते. त्या निधीतून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. वाड्यावरचा बदनाम चेहरा चळवळीची चूल पेटती ठेवायला उपयोगी पडला. त्यांचे जुने सोबती राम नगरकर यांनी 'रामनगरी'त न्हाव्याच्या घरचे जगणे हसत हसत लिहिले. त्या हसण्याखाली काय आहे ते आपण जाणतो. समाजवाद्यांचे आणि आपले भांडण जुने आहे. ते गरिबीविषयी बोलतात तितके जातीविषयी बोलत नाहीत. 'कृतज्ञता' हा शब्दही मला पुरेसा वाटत नाही. आमचा मुद्दा हक्काचा आहे. परंतु ज्याने आपली कमाई आणि कीर्ती चळवळीला दिली, त्याच्याशी भांडताना आपण आवाज जपून वापरला पाहिजे.

बा गाव सोडून भिवंडीत आला तेव्हा त्याला वाटले, इथे वाडा नाही. इथे तेलुगू पद्मशाली, उत्तर प्रदेशातले अन्सारी, कोकणी मुसलमान, आगरी, मराठवाड्यातले आम्ही, सगळे एकाच खडखडाटात. १९७० साली या गावाने दंगल पाहिली होती. १९८४च्या मे महिन्यात पुन्हा पाहिली. मधल्या काळात, १९८२चा गिरणी संप झाला आणि मुंबईचे कापड भिवंडीच्या मागांवर निघू लागले. माग वाढले, मजुराचे तास तेवढेच राहिले. त्याच १९८४ साली 'सारांश' आला. त्यात निळू फुले गजानन चित्रे नावाचा शहरी पुढारी आहेत. धोतर गेले, फेटा गेला, ओटा गेला; खालचा आवाज आणि अर्धी मिटलेली पापणी तशीच राहिली. बा म्हणाला, "पाटील हितंबी आला की." मला वाटते, एका नटाच्या देहातून ग्रामीण सत्तेचा शहरी सत्तेपर्यंतचा प्रवास इतक्या सलगपणे मराठीत दुसरीकडे कुठे दिसत नाही. आज मानकोली-राहनाळच्या बाजूला गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. तिथे ठेकेदाराचा माणूस खुर्चीत बसून मजुराला ताटकळत ठेवतो, तेव्हा मी ती पापणी ओळखतो.

त्यांचा दुसरा टोकाचा चेहरा 'सूर्यास्त'मधल्या अप्पाजींचा, सत्तेतल्या मुलाला जाब विचारणारा म्हातारा गांधीवादी. आणि तिसरा 'सिंहासन'मधल्या दिगू टिपणीसचा. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट. दिगू पत्रकार आहे. त्याला सगळे कळते; मंत्र्यांच्या खोल्यांत, संपाच्या मागे, पैशाच्या मागे काय चालले आहे ते सगळे. आणि शेवटी त्याचा तोल जातो. हिंदुरावालाही माहीत आहे, दिगूलाही माहीत आहे. एक माहीत असून सुखाने जेवतो, दुसरा माहीत असून वेडा होतो. नटाचा मोठेपणा मला इथे दिसतो. आठ पैलूंत नाही. माहीत असणाऱ्या माणसाचे काय होते, हा एकच प्रश्न त्याने दोन टोकांनी सोडवून पाहिला. आपल्यातल्या शिकलेल्यांनी, माझ्यासारख्या पगारी शिक्षकांनी, दिगूकडे जरा जास्त वेळ पाहावे. आपल्यालाही बरेच माहीत असते.

निळू फुले गेल्यावर नकलाकारांनी त्यांचे काय केले ते आपण पाहतो. खांदा वाकडा, आवाज घोगरा, बाईला वाड्यावर बोलावणे, आणि टाळ्या. ज्या वाड्याच्या नावाने आमच्या आया घरात दडून बसायच्या, तो वाडा आता स्नेहसंमेलनातला विनोद झाला आहे. भीतीचा विनोद झाला की गुन्हा विसरायला सोपे जाते. २००६ साली खैरलांजी घडली तेव्हा वाडा हा विनोद नव्हता. पुढे २०१३च्या 'फँड्री'त नागराज मंजुळे यांनी जातीचे नाव घेतले आणि दगड थेट प्रेक्षकाकडे भिरकावला. २०१६च्या 'सैराट'मधला पाटील पुन्हा खालच्या आवाजात बोलतो. फरक इतकाच की इथे कॅमेरा ओट्यावरून खाली उतरला आहे. निळूभाऊंच्या नंतरची ही वाट आहे, पण त्यांच्या डोळ्यांनी तयार केलेला प्रेक्षक त्या वाटेवर आधीच उभा होता. माझा बा त्यांतला एक.

बा आता नाही. त्याने चुलत्याचा अर्ज एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला होता. गायरानाचा गट क्रमांक, खाली मोडी वळणाची सही. ती सही म्हणजे माझ्या घरचा मारुती कांबळे. तो लिहीत होता, पांढरे कपडे घालीत होता, येसकरकी नाकारीत होता. पुढल्या सभेत त्या मुलीला मी हा अर्ज दाखवणार आहे. आणि तिला, तिच्या वर्गातल्या सगळ्यांना एक काम सांगणार आहे. आपापल्या घरी जा आणि आजोबांना, आजीला विचारा. आपल्यात असा कोण होता? त्याचे नाव काय? तो काय म्हणत होता? पाय कुठे घसरला, ते नंतर विचारू.